डाव्या हाताचा पाना

"हत्ती जुंपला तरी हलत न्हाई म्हटल्यावर माणसानं करायचं तरी काय, वस्ताद?"

रणधीर मोहितेने विचारले. दस्तगीर वस्ताद गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांचे लक्ष गाडीकडे नव्हते. गाडीमागे भुईवर पडलेल्या बंपरकडे होते.

"ह्यो कुणी उपटला?"

"पोरांनी..."

"कुठल्या?"

"आपल्याच. तालमीतल्या." रणधीरने मान खाली घातली. "जाम झालेली गाडी गियरमध्ये टाकून ढकलली की इंजिन सुटतंय म्हणत्यात. म्हणून सहा जणांना बोलावलं. ढकलली..."

"मग?"

"चाकं फरफटत गेली. इंजिन काय हललं न्हाई. बंपर तेवढा हातात आला."

वस्तादांना हे सगळे कालच तालमीत कळले होते. कोल्हापुरात पैलवानाची फजिती लपून राहत नाही. पैलवान घरी पोचायच्या आत ती पेठेत पोचलेली असते. तरी त्यांनी ती रणधीरच्या तोंडून वदवून घेतली. वस्तादांची ही जुनी खोड. हरलेल्या कुस्तीचे वर्णन ते हरलेल्या पोराकडूनच ऐकत.

आता गाडीबद्दल सांगायला हवे. एका कारखानदाराच्या बंगल्यामागे जांभळाखाली ती कित्येक वर्षे उभी होती. दोन दारे, दोनच माणसांची जागा, अंगाने बुटकी आणि पुढे हे लांब नाक. एके काळी लाल असावी. मालकाच्या मुलाने हौसेने आणली, जोरात पळवली, हौस फिटल्यावर तो परदेशी गेला आणि गाडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. रणधीरने ती भंगाराच्या भावात उचलली. खिसा रिकामा आणि हौस दांडगी!

गॅरेजला टाकायची ऐपत नव्हती. म्हणून घरामागच्या रिकाम्या गोठ्यातच त्याने पसारा मांडला. कुजलेल्या पत्र्याची भोके तेलाचे डबे कापून बुजवली. सीटांना तालमीतल्या जुन्या मॅटचे कापड चढवले. ते त्याच्या बायकोने, संयोगिताने, शिलाई मशीनवर शिवून दिले. पुढचा एक दिवा कुठे मिळेना, तो टेंपोचा बसवला. त्यामुळे गाडी समोरून जराशी चकणी दिसे.

चकणी तर चकणी, पण गाडीला रूप येऊ लागले होते. फक्त इंजिन फिरत नव्हते. आत पाणी जाऊन पिस्टन गंजले आणि जागच्या जागी चिकटून बसले होते. इंजिन फिरत नाही तोवर ती गाडी कसली, चार चाकांचे कपाट!

"दसऱ्याला संयोगिताचं शेवयांचं मशीन येणार हाय," रणधीर म्हणाला. "तिला ह्योच गोठा पायजे. तवर इंजिन फिरलं न्हाई तर भंगारवाल्याला देतो म्हणून शबूद दिलाय मी."

"मग दे की. लोखंडच हाय."

रणधीर चकण्या दिव्यावरची धूळ पुसत राहिला.

देणार कसा? दोन वर्षांपूर्वी जत्रेच्या मैदानात समोरच्याने त्याचा डावा हात असा काही अडकवला, की पाठ टेकवायची नाहीतर हात घालवायचा, एवढेच उरले. रणधीरने पाठ टेकवली नाही. हात गेला. डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला आणि घरी करायचे हलके व्यायाम सांगितले. भिंतीवरून बोटे चालवत वर न्या, काठी धरून हात उचला, रोज थोडे थोडे. सकाळी पाचशे जोर काढणाऱ्या गड्याला हा पोरखेळ वाटला. त्याने एके दिवशी थेट मोठे वजन उचलले, रात्रभर विव्हळला आणि पुन्हा म्हणून त्या हाताच्या वाटेला गेला नाही. तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर गेलेला नव्हता. सदरा घालतानासुद्धा आधी डावी बाही, मग बाकीचे.

कुस्ती सुटली. लाजेने तालीमही सुटली. दुधाचा धंदा काढला, तो बुडाला. व्यायामशाळेत शिकवायला लागला, तिथे भांडून घरी आला. ही गाडीसुद्धा भंगारात गेली तर तिच्यामागोमाग आपलाच नंबर, असे त्याला अगदी मनापासून वाटत होते. लोकांना ते कसे दिसणार? लोकांना पीळ दिलेली मिशी दिसत होती.

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ही अडकव जरा खुंटीला."

खुंटी रणधीरच्या डाव्या अंगाला, उंचावर होती. तो सबंध वळला, उजव्या हाताने टोपी अडकवली आणि पुन्हा वळून उभा राहिला.

वस्तादांनी पाहिले... आणि गाडीकडे वळले.

"मला गाडीतलं काय कळत न्हाई. हे फिरवायचं कुठनं असतंय, तेवढं दाव."

रणधीरने दाखवले. पुढचा रेडिएटर त्याने काढूनच ठेवला होता. त्याच्या मागे, इंजिनाच्या तोंडाशी एक मोठा नट होता. त्यावर पाना बसवून गोल फिरवला की आतले पिस्टन खालीवर होतात. म्हणजे व्हायला हवेत. पाना नटावर चढवलेला होता. आणि पान्याच्या दांड्यात पुरुषभर लांबीचा लोखंडी पाईप घुसवलेला होता.

"ह्यो पाईप कशाला?"

"जोर वाढतोय त्यानं."

"तुला जोर कमी पडाय लागला व्हय?"

चहा घेऊन आलेल्या संयोगिताने पदर तोंडाला लावला. रणधीरने तिच्याकडे रागाने पाहिले. तिने वस्तादांच्या हातात कप दिला आणि तिथेच उभी राहिली.

"मुठीला चिंधी कसली?" वस्तादांनी विचारले.

"पाना निसटला."

"आत तेल सोडलंस?"

"सोडलं की. प्लग काढून चारी भोकांत डिझेल आणि तेल."

"कवा?"

"परवा रातीला. काल सकाळी पोरं बोलावली."

वस्तादांनी चहा संपवला. कप खाली ठेवला.

"हौदातली माती कशी करतो रे आपण?"

रणधीरला हा प्रश्न लागला. नव्याने लंगोट बांधलेल्या पोराला विचारायचा हा प्रश्न. पण विचारणारे वस्ताद होते.

"ताक, तेल, लिंबू, हळद घालतो. कालवतो."

"आणि लगीच कुस्ती लावतो?"

"न्हाई... मुरवतो. रोज खालीवर करतो."

"हं."

एवढे म्हणून वस्तादांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि झटकला.

"उजवा हात मागं घे."

"का?"

"घे म्हणतो न्हवं."

रणधीरने हात मागे घेतला. वस्तादांनी पंच्याने तो कमरेशी, पाठीमागे, घट्ट बांधून टाकला.

"आता फिरव."

"कशानं?"

"हाय की दुसरा."

रणधीरचे कान तापले. आजवर त्याने ही गोष्ट आईलाही सांगितली नव्हती. आता बायकोसमोर, वस्तादांसमोर, स्वतःच्या गोठ्यात सांगावी लागत होती.

"त्या हाताला जोर न्हाई, वस्ताद..."

"म्हणूनच."



वस्तादांनी पाईप ओढून काढला. रणधीर इंजिनासमोर पाटावर बसला, डाव्या हाताने पान्याचा दांडा धरला आणि रेटला. दांडा जागचा हलला नाही. खांद्यात मात्र कळ उठली.

"हलंना."

"मागं घे."

"मागं? पुढं फिरवायचंय वस्ताद."

"समोरच्याला पुढं ओढायचा असला की आधी काय करतोस?"

"...मागं रेटतो."

"मग ह्येला काय निराळं शास्त्र सांगू?"

वस्तादांनी टोपी मागितली नाही. स्वतःच खुंटीवरून काढून डोक्यावर ठेवली.

"रोज सकाळी बसायचं. पुढं जाईल तेवढं पुढं, मागं येईल तेवढं मागं. खांदा ओरडला की थांबायचं. गाडी ओरडली की थांबायचं. तेल सोडायचं, झाकायचं, उठायचं."

"किती दिवस?"

"मातीला कधी विचारलंस, किती दिवस म्हणून?"

जाताना ते तो लोखंडी पाईप काठीसारखा टेकत घेऊन गेले. दारात थांबून संयोगिताला म्हणाले, "सूनबाई, गाठ तू मारायची. सोड म्हणला तरी सोडायची न्हाई."

"बरं," संयोगिता म्हणाली. ती इतक्या तत्परतेने म्हणाली की रणधीरला त्यात जुना हिशेब चुकता केल्याचा वास आला.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. पाटावर बसल्यावर नट छातीसमोर यावा म्हणून गाडीचे नाक त्याने ओंडक्यांवर चढवून घेतले. सकाळी संयोगिता उजवा हात बांधे आणि तो पाटावर बसून डाव्या हाताने पाना धरे. पुढे... मागे... पुढे... मागे. म्हणायचे पुढे-मागे, हलत काहीच नव्हते. शेजारच्या सुताराने एकदा कुंपणावरून डोकावून विचारले, "पैलवान, देव बसवलाय का आत?" रणधीर दातओठ खाऊन पाना रेटत राहिला.

श्रावण संपला. गणपती बसले, उठले. एके सकाळी त्याचे टाळके फिरले. तो तसाच उठला, चपला सरकवल्या आणि तरातरा तालमीत गेला. वस्ताद हौदात उतरून फावड्याने माती उलटत होते.

"वस्ताद, हे काय खरं न्हाई. हलत न्हाई ते."

"अजिबात?"

"म्हणजे... केसभर हलतंय. केसभरानं काय हुतंय?"

"काल किती हलत हुतं?"

"काल..." रणधीर थांबला. "काल हलत न्हवतं."

"मग मला सांगायला आलास, का भांडायला आलास?"

रणधीरला ते नक्की ठरवता येईना. तो कठड्यावर उभा राहिला. मातीचा तो ओळखीचा वास, ताक-हळदीचा, दोन वर्षांनी नाकात शिरला. जोर काढणारी पोरे थांबून त्याच्याकडे बघत होती. मग त्याच्या ध्यानात आले, की त्याचा उजवा हात अजून मागे बांधलेलाच आहे. सबंध पेठेतून तो तसाच आला होता. पेठेने पाहिले होते, चहाच्या टपरीने पाहिले होते आणि त्याच्या गावीही नव्हते.

"घरी जा," वस्ताद म्हणाले. "तेल सुकत असंल."

तो घरी गेला. तसाच, हात बांधलेला, त्याच पेठेतून.

केसाचे बोट झाले. बोटाची वीत झाली. प्लगच्या भोकांतून तांबूस पाणी बाहेर येऊ लागले. रणधीर ते फडक्याने टिपून काढी आणि नवे तेल सोडी. मूठ गुडघ्यापासून निघे, हळूहळू वर येई, पुन्हा गुडघ्याशी जाई. तो आता मागे घेताना घाई करत नसे. मागचा प्रवास पुरा झाला की पुढचा आपोआप थोडा लांबतो, हे त्याच्या हाताला कळले होते. डोक्याला कळायला अजून वेळ होता.

मूठ छातीपर्यंत आली आणि तिथे अडली.

त्या जागी सगळे थांबले. सकाळमागून सकाळ गेली. घटस्थापना झाली. मूठ छातीशी यायची आणि थांबायची.

"तिथंच काहीतरी अडकतंय बघ," तो संयोगिताला म्हणाला. "इंजिनात गंजाचा मोठा थर असणार त्या जागी."

"इंजिनातच ना?" तिने गाठ मारत विचारले.

"मग कशात?"

"काही नाही. बसा तुम्ही."

भंगारवाला येऊन गाडी बघून गेला. चकण्या दिव्यावर टिचकी मारून म्हणाला, दसरा झाल्यावर छोटा टेंपो घेऊन येतो. रणधीर त्या रात्री जेवला नाही. संयोगितानेही मशीनचा विषय काढला नाही. तिला मशीन हवेच होते. दुसऱ्यांच्या शेवया करून देण्यावर घर चालायचे होते. पण पान्याशी रोज बसणारा हा माणूस तिला दोन वर्षांनी पहिल्यांदाच एखाद्या कामाशी टिकून राहिलेला दिसत होता, आणि तो टेंपो येऊ नये असे तिला नवऱ्याहून जास्त वाटत होते.

खंडेनवमी उजाडली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. संयोगिताने अंगणात पाट मांडला, विळी, कातर, कोयता धुऊन ठेवले.

"अहो, पानासुद्धा आणा पूजेला."

"आणतो थोड्या वेळानं."

"एकदा पूजा झाली की आज हत्यार उचलायचं नाही हं."

म्हणजे ही शेवटचीच बैठक. उद्या दसरा. तिने गाठ मारली आणि आज नेहमीपेक्षा जरा सैल मारली. सोडवायची असेल तर सुटावी म्हणून. रणधीरला ते कळले. त्याने सोडवली नाही.

तो पाटावर बसला. पुढे... छातीशी थांबला. मागे. पुढे... छातीशी थांबला. त्याला एकाएकी राग न येता वाईट वाटले. गाडीसाठी नव्हे, इतके दिवस आपण इथे बसत होतो, आता उद्यापासून सकाळी काय करायचे, यासाठी. त्याने जोर करणे सोडून दिले. दांड्यावर हात नुसता ठेवून तो त्याला मागे नेत राहिला, अगदी मागे, जितका जाईल तितका, आणि दांडा परतला तेव्हा त्याच्यासोबत निघाला.

मूठ छातीशी आली... थांबली नाही.

आत कुठेतरी कर्रर्र झाले. मग तेही थांबले. दांडा गोल गेला, पलीकडे उतरला आणि खालून परत आला. रणधीर पाहतच राहिला. त्याने पुन्हा फिरवला. पुन्हा गेला.

"संयोगिता!"

ती हळदीच्या हातांनी धावत आली. तिने पाहिले आणि दाराची चौकट धरली. चौकटीवर पिवळी बोटे उमटली.

"फिरलं! अगं, फिरलं!"

मग म्हणाली, "मशीन ओसरीत बसवू. भंगारवाल्याला मी सांगते."

तेवढ्यात अंगणातून ठक्... ठक्... असा आवाज आला. दस्तगीर वस्ताद लोखंडी पाईप टेकत येत होते.

"हत्यारांची पूजा हाय म्हटलं. तुझं एक माझ्याकडं राहिलं हुतं."

"वस्ताद!" रणधीरचा आवाज फुटला. "सुटलं बघा! सगळं गोल फिरतंय! बघा, दावतो..."

तो पुन्हा पाटावर बसला. मूठ गुडघ्यापासून निघाली, छातीशी आली, खांद्याच्या वर गेली, डोक्यावरून सावकाश पलीकडे उतरली. पुन्हा निघाली, पुन्हा डोक्यावरून गेली. इंजिनाच्या पोटातून तेलाचा मऊ आवाज येत होता.

"ऐकलासा का आवाज? आता चालूच करून दावतो दिवाळीला!"

वस्तादांनी पाईप पूजेच्या पाटाजवळ ठेवला. गोठ्यात आले. संयोगिताशेजारी उभे राहिले. ती डोळे पुसत होती. दोघांची नजर एकाच जागी होती, आणि ती जागा इंजिनाच्या बरीच वर होती.

रणधीर फिरवतच होता.

"वस्ताद, अवो बघा की!"

"बघतोय की."